चमकीची देवी

"डोळे मिट आणि हसू नको. हसलीस की खवले तडकतात," वहिनी म्हणाली.

"मग बोलू?"

"बोलू पण नको."

मी मत्स्यकन्या होत होते. लसणाच्या जाळीदार पिशवीचा तुकडा माझ्या गालावर ताणून वहिनीनं त्याच्या भोकांतून हिरवा-निळा रंग थोपटला होता. जाळी उचलली की खाली माशाचे खवले. आता त्या खवल्यांवर ती ब्रशनं डिंक लावत होती आणि डिंकावर चिमटीनं चमकी सोडत होती. गालांवर, कपाळावर, भुवयांवर, पापण्यांवर. त्या वर्षी मोबाइलवर जी मुलगी बघावी ती मासा झालेली होती.

"ओढतंय गं."

"ओढणारच. बायका दोऱ्यानं भुवया उपटून घेतात, त्या रडतात का?"

"रडतात."

"पण परत येतात ना?"

सारिका वहिनी सांगलीला जाऊन मेकअपचा कोर्स करत होती. आज परीक्षा. प्रत्येकीनं आपापली मॉडेल घेऊन यायची होती. मॉडेल व्हायला जे लागतं ते सगळं माझ्याकडे होतं. मला चेहरा होता, आणि बारावीनंतर घरी बसल्यामुळे तो रिकामाच असायचा.

"मॅडमनी दाखवलेली चमकी हीच का?"

"ती बोटाच्या पेराएवढी डबी होती. ही पिशवीभर आहे."

"कुठली?"

"गौरीच्या मखराची, उरलेली." तिनं माझी हनुवटी वर उचलली. "दुकानदारच म्हणाला, माल एकच असतो, डबी बदलली की त्याचा मेकअप होतो. चमकते ना? मग झालं तर."

आमच्या गौरीनं या चमकीबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. अर्थात आमच्या गौरीचं तोंड पितळेचं आहे.

बाहेरच्या खोलीत पार्लर काढायचं वहिनीच्या मनात लग्नाआधीपासून होतं. दादा हो म्हणाला होता, म्हणजे 'आईला विचार' म्हणाला होता. आईनं बराच काळ 'घरात लोकांचे केस पडणार' या एका वाक्यावर काढला आणि शेवटी अट घातली. कोर्स पूर्ण कर. खोलीला रंग दे. आणि नीट ऐक, एक जरी बाई तोंड घेऊन तक्रारीला आली, तर त्याच दिवशी खोलीला कुलूप.

खोलीला गुलाबी रंग देऊन झाला होता. या घरात आल्यापासून वहिनीनं स्वतःसाठी मागितलेली एवढी एकच गोष्ट. रंग नव्हे, खोली.

(इथं परीक्षेचा परिच्छेद होता. त्यात मी सुंदर दिसत होते, बाकीच्या मुली माझ्याबरोबर फोटो काढत होत्या, वहिनी पहिली आली होती. तो काढून टाकला आहे. उगाच कुणाला मत्स्यकन्या व्हावंसं वाटायचं.)

*

लावायचं कसं, हे कोर्समध्ये होतं. काढायचं कसं, हे ॲडव्हान्स कोर्समध्ये होतं.

संध्याकाळी मोरीत आम्ही आधी पाणी मारलं. मग खोबरेल लावलं. मग डाळीचं पीठ. रंग गेला, डिंक निम्मा गेला, चमकी मात्र होती तिथंच. मग मी अंग घासायची घासणी घेतली.

"हळू," वहिनी म्हणाली.

"हळू नाही निघत."

"मग जरा जोरात."

घासणीनं चमकी निघाली नाही. ती आत गेली. चेहरा भाकरीसारखा तापला होता. वहिनीनं त्यावर कोरफड लावली, फुंकर घातली आणि म्हणाली, "झोप. उद्या बघ कशी चमकतेस."

सकाळी मी खरोखर चमकत होते. तोंड रात्रीतून फुगून दुप्पट झालं होतं. कपाळ आणि गाल लालबुंद, त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या, आणि बऱ्याचशा पुटकुळ्यांच्या टोकाला एक हिरवा किंवा निळा कण. डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या. उजव्या फटीतून पाणी थांबत नव्हतं.

आई चहाचं पातेलं हातात घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"सारिका," आई म्हणाली, "काल हिच्या तोंडाला काय लावलंस?"

वहिनी दारात होती. तिनं तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडातून पुढे काय बाहेर पडणार आणि त्यानंतर कुठल्या खोलीला कुलूप लागणार, हे मला फटीतूनही स्पष्ट दिसत होतं. पहिली तक्रार घेऊन येणारं तोंड माझं होतं.

"पावडर," मी म्हटलं. "नुसती पावडर गं. मला आधीपासूनच कणकण वाटत होती."

तेवढ्यात शेजारच्या हौसाकाकी विरजणाला दही मागायला आल्या. गावात कुणाला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी सांगायचं काम त्यांच्याकडे असे, आणि आजवर त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नव्हता. त्यांनी मला पाहिलं. वाटी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं बया! शालन, तुझ्या घरात देवी आली की!"

"कांजिण्या?" आई म्हणाली. "त्या तर हिला लहानपणीच होऊन गेल्यात."

"त्या धाकट्या. ह्या थोरल्या. बघ तर कशा लखाकतात!"

"काकी, ही चमकी—" मी म्हणाले.

"चमकी म्हणू नये बाळा. कोपती."

वहिनीनं उघडलेलं तोंड मिटलं. देवी आल्यामुळे घरातल्या एका माणसाची सोय झाली होती. खरं तर दोघांची. दादाला दाढी करायला बंदी झाली, आणि तेवढ्यापुरती त्यानं देवी मनापासून मानली.

*

देवी आली की घराचं काय होतं, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दाराला कडुलिंबाचा डहाळा. फोडणी बंद, तळण बंद, डोक्याला तेल-फणी बंद. नैवेद्य दहीभाताचा. ज्याच्या अंगावर देवी आली त्याला आंघोळ नाही, उंबरा ओलांडायचा नाही आणि औषध नाही. पाहुणी आहे, आपल्या पायांनी आली, आपल्या पायांनी जाईल. तिला घालवायची घाई करायची नाही.

मला गुलाबी खोलीत ठेवलं. घरात तीच खोली रिकामी होती.

बायका येऊ लागल्या. आधी आमच्या आळीतल्या, मग वरच्या आळीतल्या, मग सरपंचीणबाई स्वतः, खणानारळ घेऊन. त्यांच्या नणंदेकडे पूर्वी देवी आली होती, पण त्यांच्या मते ती अगदीच साधी होती.

"आमच्यात नुसते फोड आले होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा मत्सर होता. "हे असं तेज नव्हतं."

एका बाईनं माझ्या गालाला बोट लावलं. बोटाला हिरवा कण चिकटला. तिनं तो कडेवरच्या बाळाच्या कपाळाला लावला. वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन येत होती. ते तिनं जवळजवळ टाकलंच आणि पदरानं बाळाचं कपाळ पुसून काढलं.

"अगं, देवीचा अंगारा पुसतीस?" ती बाई ओरडली.

"डोळ्यात जाईल त्याच्या."

"गेला तर नजर उघडंल की पोराची!"

माझी मात्र नजर बंद होत चालली होती. डावा डोळा सुजेनं मिटला, त्याचं मला काही वाटलं नाही. उजव्याचं वेगळं होतं. पापणी हलली की आत काहीतरी चर्र करत कापत जायचं. डोळा मिटला तरी ते थांबेना, कारण मिटलेल्या पापणीखालीही बुबुळ हलतच असतं. दारातून उजेड आला की डोक्यात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मी डोळ्यांवर ओला पंचा बांधून घेतला.

यापुढचा भाग त्यामुळे मी पाहिलेला नाही. ऐकलेला आहे.

मी : आई, मला डॉक्टरकडे ने.

आई : दम काढ जरा. उतरंल.

मी : डोळ्यात काहीतरी गेलंय.

हौसाकाकी : देवी आहे ती, डोळ्यातनं बघती. माझ्या मावसजावेनं असंच डॉक्टर डॉक्टर केलं, औषध घातलं, आणि देवी डोळाच घेऊन गेली.

मी : काकी, देवी नाही. मखराची चमकी आहे. डिंकानं लावली होती. वहिनीला विचारा.

(बांगड्या वाजल्या. सरपंचीणबाईंच्या; तेवढ्या जाड बांगड्या गावात दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या.)

सरपंचीणबाई : तापात काय काय बडबडतंय लेकरू.

मी : ताप नाहीये मला!

हौसाकाकी (माझ्या कपाळाला हात लावून) : थंडगार. बघितलंसा? देवीचा ताप दिसत नसतो.

दुपारी बायका पांगल्या. स्वयंपाकघर आणि गुलाबी खोली यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत आहे.

वहिनी : आत्या, ती खरं बोलतेय. माझ्यामुळं झालंय. मखराची चमकी लावली मी.

आई : हळू बोल.

वहिनी : तिचा डोळा जाईल आत्या.

आई : आत्ता सांगतेस? गाव पाया पडून गेलं. सरपंचाच्या बायकोनं ओटी भरली. आता काय दारात उभी राहून सांगू, बायांनो, ओट्या परत न्या, सुनेनं पोरीच्या तोंडाला डिंक फासला होता?

वहिनी : मी सांगते.

आई : तुझं कोण ऐकतंय!

ते खरंच होतं. आमच्या घरात वहिनीचं म्हणणं ऐकायचा रिवाज नव्हता. रात्रपाळीला निघालेल्या दादालाही तिनं गाठलं असणार, कारण मोटारसायकल सुरू व्हायच्या आधी त्याचा आवाज आला, "उद्या बघू." दादा कारखान्यात वजनकाट्यावर होता. समोर काहीही आलं तरी त्याचं वजन करायला तो वेळ घ्यायचा.

*

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी बसलं होतं. खोबरेलाचा आणि डिंकाचा वास आला.

"वहिनी?"

"हूं."

"काय केलंस?"

"जे तुला केलं ते मला केलं. तीच चमकी, तोच डिंक, तीच घासणी." तिचे ओठ सुजले होते, शब्द जाड येत होते. "आता येऊ देत बायका. माझ्याच तोंडानं दाखवते. चमकी लावली की हे असं होतं. कांजिण्या नाहीत, काही नाही. डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल ना?"

मला तिचा एवढा अभिमान वाटला की क्षणभर डोळाही दुखायचा थांबला. काय बिनतोड पुरावा होता! शाळेतल्या प्रयोगासारखा. एका नणंदेला चमकी लावा. निरीक्षण करा. मग एका भावजयीला लावा. दोन्ही तोंडं शेजारी ठेवा. अनुमान लिहा.

बायका आल्या. दारातच थबकल्या. वहिनीनं बोलायला सुरुवात केली, "बघा, हे मी काल स्वतः—"

"अगं आई आई आई!" हौसाकाकी. "सुनेवर पण आली!"

"काकी, आली नाही, मी लावली—"

"थोरली लेकीवर, धाकटी सुनेवर! बहिणी बहिणी आल्या गं भेटायला! शालन, तुझं घर म्हणायचं का देऊळ? अगं, नारळ आणा. दोन आणा!"

अनुमान लिहून झालं होतं.

पाया पडण्याचा गलका सुरू झाला. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी ऊद पेटवला. धूर माझ्या पंच्याखाली शिरला आणि उजवा डोळा असा काही पेटला की मी ओरडले. बायकांना ते फार आवडलं. "बोल माऊली, बोल!" माझ्या हातावर वहिनीचा हात होता. तिनं माझी बोटं एकदा घट्ट दाबली आणि सोडून दिली.

आणि मग तो आवाज आला.

तिनं असा आवाज कधी काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. ज्या घरात तिला 'भाजीत मीठ कमी आहे का' एवढं विचारायलासुद्धा आवाज खाली घ्यावा लागे, त्या घराच्या भिंती हलतील असा.

वहिनी : शालन!

(सासूला नावानं. खोलीत ऊदसुद्धा सरळ वर जायला लागला असेल.)

आई : क्... काय माऊली?

वहिनी : मला इथं बसवून ठेवलंस. मला जायचंय.

हौसाकाकी : कुठं जायचं आई? कृष्णेला? ओढ्याकाठच्या तुझ्या ठाण्याला?

वहिनी : सांगलीला.

हौसाकाकी : सांगलीला? गणपतीला भेटायला?

वहिनी : डोळ्यांच्या दवाखान्यात.

(एक नारळ खाली गडगडला.)

सरपंचीणबाई : कुठल्या माऊली?

वहिनी : नेर्लेकरबाईंच्या. स्टँडच्या मागं, पहिला मजला. एक वाजता बंद होतो.

हौसाकाकी : आई, पण देवीवर औषध...

वहिनी : देवी कोण आहे? तू का मी?

हौसाकाकी : तू, तू माऊली! चुकलं!

वहिनी : हिच्या डोळ्यात मी अडकलेय. त्या बाईच्या हातून सुटणार आहे. उंबऱ्यावर दही शिंपडा. गाडी बोलवा. बंद गाडी बोलवा, रिक्षा नको, पोरीला वारा लागेल.

देवीला दवाखान्याची वेळ, मजला आणि रिक्षाला दारं नसतात हे कसं ठाऊक, असं कुणीही विचारलं नाही. देवीला सगळं ठाऊक असतं. सरपंचीणबाईंनी तिथूनच फोन करून स्वतःची गाडी मागवली. आणि आईच्या चपला वाजल्या, अंगणात, सगळ्यांच्या आधी. फळीवरच्या चपला इतक्या लवकर कशा सापडल्या, याचा मी पुढे बरीच वर्षं विचार केला. ती आदल्या दुपारपासूनच कुणीतरी तिला हुकूम करायची वाट बघत असावी.

*

डॉक्टर नेर्लेकरबाईंनी भूल देणारे थेंब टाकले, मग पिवळं औषध टाकलं, आणि निळ्या उजेडात पापणी उलटी करून बघितली.

"हलू नका. वर बघा. वर." मग चिमट्याचं टोक कुठंतरी टेकलं. "हं. हा बघा."

डोळा उघडल्यावर मला दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या हातमोज्यावरचा एक निळा ठिपका. फारच लहान होता. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी ओरडत होते, याची मला लाज वाटली.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"चमकी," वहिनी म्हणाली. "मखराची."

"मखराला लावता तशी तोंडाला?" त्यांनी तो कण आईपुढे धरला. "हा प्लास्टिकचा पत्रा आहे, सहा कोनांत कापलेला. कडा ब्लेडसारख्या. पापणीच्या आतल्या बाजूला चिकटून बसला होता. पापणी हलली की बुबुळावर चरा. मेकअपची वेगळी मिळते, बारीक, बोथट कडांची. तीसुद्धा पापणीच्या काठावर लावू नये, डोळ्यात गळते. आणि चिकटवली कशानं?"

"डिंकानं."

"कागद चिकटवतात त्या?"

"हो."

"काढली कशानं?"

आई पदराचं टोक चाचपत म्हणाली, "घासणीनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नवीन काहीही तोंडाला लावायचं असेल तर आधी कोपराच्या आत थोडंसं लावून एक दिवस थांबतात. नाही निघालं तर तेल लावून मऊ होऊ देतात, नाहीतर चिकटपट्टीनं हलक्या हातानं टिपतात. भांड्यासारखं घासत नाहीत." मग त्यांनी वहिनीकडे नीट पाहिलं. "आणि तुमच्याही तोंडावर तेच. दोघींना एकदमच ही अक्कल सुचली?"

"मला एक दिवस उशिरा सुचली," वहिनी म्हणाली.

जखमेत पू धरायला लागला होता. आणखी थोडं थांबलो असतो तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाल्या; इतक्या सरळ म्हणाल्या की आई खुर्चीत बसली. डोळा राहिला. बुबुळाच्या काठावर पांढरा डाग राहिला. उजवीकडून येणारं वाहन मला आजही थोडं धुक्यातून येताना दिसतं. चेहऱ्यासाठी त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी मलमं दिली, सूज उतरली, खाली काळे डाग उरले आणि तेही सावकाश फिकट झाले.

जिन्यात आईनं आम्हाला थांबवलं.

"यातलं गावात काही बोलायचं नाही. देवीनं सांगितलं, आपण ऐकलं, पोरगी वाचली. एवढंच."

"आणि खोली?" वहिनीनं विचारलं.

"घरी तर चल आधी."

घरी गेलो तर गुलाबी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी भिंतीला हळदीचे हात उमटवले होते. गुलाबी रंगावर ते उठून दिसत होते.

*

हा प्रसंग आमच्या गावात आजही सांगतात, पण जरा वेगळा. त्यात मी आंधळी झालेली असते. वहिनी माझ्या डोळ्यांवरून हात फिरवते आणि डोळ्यातून हिरा निघतो. तो हिरा सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतला, असंही काही जण म्हणतात.

वहिनीनं एकदा प्रयत्न केला. भरल्या खोलीत उभी राहून म्हणाली, "मी सोंग केलं होतं. मला काही येत-बित नाही."

हौसाकाकींनी कौतुकानं मान डोलावली. "देवी कधी सांगून येती का बाई? सोंग घेऊनच येती."

सगळ्यांनी हात जोडले.

कोर्सचं सर्टिफिकेट पोस्टानं आलं. वहिनीनं आईला विचारलं, पार्लर कधी चालू करू. आई या वेळी ओरडली नाही. ती वहिनीवर ओरडायची कायमचीच थांबली होती. आता ती तिला 'अहो-जाहो' करू लागली होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"लोक तुमच्या पायांवर डोकं ठेवतात," आई म्हणाली. "त्यांच्या मिश्या तुम्ही दोऱ्यानं काढायच्या?"

झालं. ज्या खोलीसाठी तिनं एवढे दिवस वाट पाहिली, ती खोली तिला मिळाली. पाट, समई, मंगळवारची रांग. दादाला आता कुठल्याही गोष्टीचं वजन करावं लागत नाही, देवीला विचारलं की होतं. आणि वहिनीही काही कच्ची नाही. अंगावर पुरळ उठलेलं पोर आणलं की ती घुमते, डोळे फिरवते आणि घनगंभीर आवाजात त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता सांगते. केसांना कुठलीशी काळी मेंदी लावून डोकं सुजवून आलेल्या बाईला तिनं अंगारा दिला, आणि 'हा खिशात ठेवून संध्याकाळच्या आत दवाखाना गाठ, नाहीतर कोपेन' असं बजावलं. दवाखान्यात न गेलेल्या बाईवर ती खरोखर कोपते. गावात त्वचेची इतकी काळजी कुठलंही सरकारी पथक घेऊ शकलं नसतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "मेकअप वहिनी करेल."

"वेडी का काय," आई म्हणाली. "व्याह्यांकडचे तिच्या दर्शनाला येणारेत. तिनं तुझ्या तोंडाला पावडर लावायची?"

मग कोल्हापूरहून मेकअपवाली आली, चाकाच्या पेटीसकट. कार्यालयातल्या मागच्या खोलीत मला आरशासमोर बसवलं. वहिनीला शेजारी गादीवर बसवलं होतं, हिरवी साडी, मळवट. बायका येत होत्या, तिच्या पाया पडून जात होत्या, माझ्याकडे बघून 'छान' म्हणत होत्या. मेकअपवालीचा हात चांगला होता. वहिनी एकटक त्या हाताकडे बघत होती.

मेकअपवालीनं पेटीतून एक लहानशी नळी काढली. "आता डोळ्यांवर थोडं ग्लिटर. सध्या सगळ्या नवऱ्या करतात."

"नाही," वहिनी म्हणाली.

तोच आवाज. मेकअपवालीला काही कळलं नाही, तेव्हा हौसाकाकी तिच्या कानात कुजबुजल्या, "देवी आहे ती आमची. सांगती ते ऐक." तिनं नळी पेटीत ठेवली आणि घाबरून हात जोडले.

"अजून काही, माऊली?"

आरशातून वहिनीचे डोळे माझ्या कपाळावरून गालावर आले, हनुवटीखाली थांबले.

"फाउंडेशन एक शेड गडद घे," देवी म्हणाली. "मानेशी जुळत नाही. आणि घासू नको, थोपट. कानापर्यंत ने."

हौसाकाकींनी डोळे मिटून मान डोलावली. मेकअपवालीनं चटकन शेड बदलली आणि थोपटायला लागली. मला आरशात उजवीकडचं नीट दिसत नाही, पण तेवढं दिसलं. हिरव्या साडीच्या ओच्यात वहिनीची दोन बोटं हलत होती, हलकेच, थोपटल्यासारखी, माझ्या गालापासून कानापर्यंत.